दोघींपुरती आठवण

आमटीचा पहिला भुरका मारून उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "मिहिरला अशी आंबट आमटी..."

शर्वरीने झटकन ओठांवर बोट ठेवलं.

"अगं, आमटीचंच बोलत होते मी."

"अहो आई, आमटीचं बोला ना. त्याचं नको."

"बरं. आमटी आंबट झालीय."

"चिंच जरा जास्त पडली."

"झालं बोलून," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "उद्या भाजीबद्दल बोलू. परवा हवेबद्दल. तेरवा पुन्हा आमटी आहेच."

शर्वरी हसली नाही. घरात ऐकणाऱ्या वस्तू किती आहेत हे तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. पंखा, शेगडी, दाराची घंटा, सासूबाईंचं श्वासाचं यंत्र, सगळ्यांना कान होते, आणि ते कान पुढे कुठे उघडतात ते कोणी सांगत नव्हतं. म्हणून सांगलीच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मिहिरचं नाव निघत नसे. मिहिर म्हणजे उज्ज्वलाबाईंचा एकुलता एक मुलगा आणि शर्वरीचा नवरा. कराडजवळ हायवेवर अपघातात तो गेला, त्याला तीन वर्षं होत आली होती.

त्याला विसरायचं म्हणून हे मौन नव्हतं. उलट, त्याच्या आठवणींवरच घर चाललं होतं.

पूर्वी बँकेला माणसाची ओळख पटवायला बोटाचा ठसा होता, चेहरा होता, आवाज होता, फोनवर येणारे आकडे होते. एकेक करून या सगळ्याची नक्कल होऊ लागली. कारण साधं होतं. जे एकदा यंत्रात नोंदलं जातं, ते यंत्राला पुन्हा घडवता येतं. मग नक्कल होऊ शकणार नाही असं काय उरलं? जे कधी नोंदलंच गेलं नाही, ते. दोन माणसांनी मिळून पाहिलेलं, आणि कोणत्याही कॅमेऱ्याला, कोणत्याही फोनला न दिसलेलं.

यातून 'खूणगाठ' आली. ओळखीची गोष्ट समोर आली की साधारण एक तृतीयांश सेकंदात मेंदूत एक विजेची लाट उठते. ती सोंग करून उठवता येत नाही. शास्त्रज्ञांना ती फार पूर्वीपासून माहीत होती. नवा होता तो कानामागे चिकटवायचा, मिरीएवढा मणी, ही लाट घरबसल्या मोजणारा. ज्यांचं खातं सामाईक, त्या दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं. एकाने आठवणीचं फक्त टोक सांगायचं, दुसऱ्याने उरलेली आठवण आपल्या शब्दांत पुरी करायची. दोन्हीकडची लाट खरी निघाली, टोकं जुळली, ती गोष्ट बाहेर कुठेही सापडली नाही, की गाठ बसली. पैसे गेले, वस्तू आली. आणि ती आठवण संपली. यंत्राला कळली, म्हणजे ती पुन्हा चालत नसे.

नेहमीच्या दुकानदाराकडे गाठ लागत नसे. दुकानदार नवा असला की लागे. आणि दुकानदार सारखे बदलत. गावातली दुकानं तर केव्हाच बंद पडली होती.

लोकांनी या सगळ्याशी जुळवून घेतलं. नवी जोडपी फोन घरी ठेवून डोंगरांत जात, त्याला 'गाठी करायला जाणं' म्हणत. जुने मित्र भेटले की जपून बोलत. शोकसभेत गेलेल्या माणसाबद्दल काही सांगायला कोणी उठत नसे, सगळे मान खाली घालून बसत आणि चहा पिऊन घरी जात. ज्यांच्या आठवणी संपत, त्यांच्यासाठी बँकेने जुनाच मार्ग उघडा ठेवला होता, चेहरा आणि आवाज. अशा खात्याला लोक 'उघडं खातं' म्हणत. उघडं खातं फार दिवस भरलेलं राहत नसे.

मिहिरच्या मागे त्याचं खातं या दोघींच्या नावावर झालं. गाठी बांधायच्या त्या दोघींनीच. आणि सासू-सुनेचं मिळून असं काय होतं? मिहिरच होता.

एका बाबतीत सांगलीकरांचं नशीब बरं होतं. त्यांच्याकडे पूर होता. मोठ्या पुरात टॉवर कोसळले, फोन विझले, आणि हे तिघं गच्चीवर अडकून पडले. त्या दिवसांचा एकही फोटो नव्हता. नेलकटरने उघडलेला मटारचा डबा त्या दिवसांतला. तो फ्रिजसाठी गेला. पाण्याच्या टाकीवर चढून बसलेली कोणाची तरी शेळी, जिला मिहिर 'सरपंच' म्हणायचा, ती श्वासाच्या यंत्रासाठी गेली. पहिल्या खेपेला ती जुळलीच नव्हती. शर्वरीने शेळी काळी सांगितली आणि उज्ज्वलाबाईंनी पांढरी. त्यावरून दोघी दोन दिवस धुसफुसत होत्या. विवाह नोंदणीच्या कचेरीत फोन बाहेर ठेवावे लागत. तिथे साहेबांच्या चपलेत पडलेली जिलेबी पाण्याच्या मोटारीसाठी गेली.

टोक उज्ज्वलाबाई सांगत, एक-दोन शब्दांत. पुरं शर्वरी करी. खरं तर दोन-चार वाक्यं पुरत. पण ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी, नेमकेपणाची सवय लागलेली बाई. दार बंद करून, मणी लावून ती बसली की सविस्तर सांगे. मिहिर कुठे उभा होता, काय म्हणाला, तिला स्वतःला त्या वेळी काय वाटलं. एका आठवणीतून दुसरी निघे. बोलून झालं की ती मणी काढून ठेवी. मग तोंड धुऊन बाहेर येई आणि म्हणे, "जुळली."

आता एकच शिल्लक होती. तिला दोघी 'पाण्याची' म्हणत. त्यापलीकडे कधी काही म्हणत नसत.

जेवण झाल्यावर शर्वरीने ताटं उचलता उचलता सांगितलं, "तुमच्या श्वासाच्या औषधाची कंपनी बदलतेय. पुढच्या महिन्यापासून दुसऱ्यांकडून मागवायचं."

"म्हणजे गाठ."

"हो. पाण्याची लागेल."

"आणि मग पुढे?"

"एकदा त्यांच्याकडे गाठ बसली की वर्षभर तरी बघायला नको. तुमचं औषध चालू राहील. बाकी आपण कशाशिवायही राहू."

उज्ज्वलाबाईंनी पदराने हात पुसले. "तोवर मी पाण्याबद्दल बोलायचं नाही."

"नाही."

"नळाच्या? टँकरच्या?"

"आई!"

"विचारून ठेवलेलं बरं. मी आपली अडाणी."

"तुम्ही गणिताच्या शिक्षिका होतात."

"म्हणून तर मोजता येतंय," उज्ज्वलाबाई म्हणाल्या, "या घरात किती शब्द बोलले जातात ते." आणि त्या यंत्राची नळी नाकाला लावून खिडकीशी जाऊन बसल्या.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतली वीज गेली. नमुने बर्फात ठेवून साहेबांनी सगळ्यांना दुपारीच घरी सोडलं. शर्वरीने किल्लीने दार उघडलं, पायातल्या चपला काढल्या, आणि आतून मिहिरचा आवाज आला.

तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

अशा फोनबद्दल तिने वाचलं होतं. प्रयोगशाळेत एका सहकाऱ्याला त्याच्या गेलेल्या वडिलांचा फोन आला होता. अशा वेळी काय करायचं तेही तिला पाठ होतं. फोन काढून घ्यायचा, बंद करायचा, बँकेला कळवायचं. तरी क्षणभर तिला वाटलं, तो खरंच आत बसलाय, पाय पलंगावर घेऊन, आईच्या ताटलीतले शेंगदाणे खात.

"अहो आई, पुढे काय झालं?" तो विचारत होता. "तुम्ही सांगा ना. तुम्ही सांगितलं की छान वाटतं."

अहो आई.

मिहिर आईला 'ए आई' म्हणायचा. लाडात असला की 'म्हातारे', भांडला की 'उज्ज्वला मॅडम'. तुम्ही तर जन्मात कधी म्हणाला नव्हता. 'अहो आई' म्हणणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते दारात उभं होतं. त्या आवाजात मिहिरचा फक्त गळा होता. शब्द शर्वरीचे होते. बंद खोलीत, मण्याजवळ बोललेले.

तिने एक पाऊल पुढे टाकलं. आत उज्ज्वलाबाई बोलू लागल्या होत्या.

"पाणी ओसरायला लागलं ती सकाळ. प्यायच्या पाण्याची एकच कळशी उरली होती. आणि तू उतरलास खाली, गुडघाभर चिखलात. शर्वरीला अजून वाटतं तू स्कूटर बघायला गेलास."

शर्वरीचं पाऊल जागच्या जागी थांबलं.

"बाटल्या आणायला गेला होतास. तिच्या अभ्यासाच्या. नदीच्या पाण्याच्या, तारखा घातलेल्या. किती वर्षं जमवत होती. सगळ्या फुटल्या होत्या. काच गेली तुझ्या तळपायात, इथून इथवर. वर आलास ते रक्ताचे ठसे उमटवत. मला म्हणालास, ती झोपलीय तोवर पाय धू, आणि तिला सांगू नकोस. बाटल्यांचं कळलं तर रडत बसेल. स्कूटरवरून चिडू दे खुशाल, चिडली की ती बरी असते. मग मी ती कळशी घेतली आणि धुतले तुझे पाय. ती उठली तेव्हा शेवटचं पाणी ओतत होते मी."

शर्वरीला ते ओतणं आठवत होतं. उठल्या उठल्या दिसलं होतं ते एवढंच. सासू मुलाचे पाय धुतेय, प्यायच्या शेवटच्या पाण्याने. त्या लाडावरून ती मिहिरला वाट्टेल ते बोलली होती, आणि नंतर कित्येक दिवस बोललीच नव्हती. बाटल्यांचं तिला त्याने पुढे सांगितलं, ते एवढंच, की पुरात गेल्या.

आत धावून फोन हिसकावून घ्यायला अजून वेळ होता. उठल्यावर ती मिहिरला काय काय बोलली ते अजून बाहेर गेलं नव्हतं, काहीतरी वाचलं असतं, निदान तसा प्रयत्न करता आला असता. हे सगळं तिला कळत होतं. ती उभी राहिली. तिला पुढचं ऐकायचं होतं.

"जखम भरायला महिना गेला," उज्ज्वलाबाई सांगत होत्या. "तिच्यासमोर चालताना लंगडायचा नाहीस. ती स्वयंपाकघरात वळली की लंगडायचास."

"अहो आई, किती केलंत तुम्ही माझ्यासाठी," मिहिरचा आवाज म्हणाला. मग जरा थांबून, तितक्याच मायेने, "एवढंच होतं ना? अजून काही राहिलं नाही ना सांगायचं?"

"नाही रे. हेच शेवटचं."

फोन बंद झाला. उज्ज्वलाबाईंनी मान वळवली आणि सून दारात दिसली.

"केव्हा आलीस?"

"मघाशी."

"मग आत का नाही आलीस?"

शर्वरीने दाराला पाठ टेकली. ती जमिनीवरच बसली. "तो मिहिर नाहीये, आई."

"मला काय कळत नाही होय? माझा मुलगा मला 'अहो' म्हणाला असता तर मी त्याला आधी डॉक्टरकडे नेलं असतं."

"मग?"

"मग काय? महिनाभर येतोय फोन. दुपारी. तू नसताना."

"तुम्हाला ठाऊक होतं ही चोरी आहे. तुमचं औषध..."

"ठाऊक होतं." उज्ज्वलाबाईंना दम लागला. नळी नीट करून त्या हळूहळू बोलू लागल्या. "पहिल्याच दिवशी ओळखलं मी. गळा त्याचा, बोलणं तुझं. मला म्हणाला, तुम्हाला पहिल्यांदा बघितलं तेव्हा इतकी भीती वाटली की निऱ्या पायात आल्या. आता मिहिरच्या कुठून निऱ्या पायात येणार? मी हसले. किती दिवसांनी हसले. मग रोज ऐकू लागले. तू डाळ नासवलीस आणि त्यानं मुकाट्यानं खाल्ली. त्याचा शर्ट अजून धुतलेला नाहीस, उशाखाली ठेवतेस. मला या घरात राहून माहीत नव्हतं ते, शर्वरी. तू त्या मण्याला सांगितलंस. मला आमटीचं सांगितलंस."

"आपण वाचावं म्हणून."

"हो ना. वाचलोच होतो. मुक्यानं."

"आणि आज शेवटचं का सांगितलंत?"

"त्यानं विचारलं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "तू कधी विचारलंच नाहीस."

त्याच संध्याकाळी त्यांनी तरीही गाठ बांधून पाहिली. एक या खोलीत, एक त्या खोलीत. दोघींच्याही मण्यांनी खरी लाट मोजली. शर्वरीची तर इतकी उंच होती की यंत्राने क्षणभर वाट पाहिली. मग पडद्यावर सभ्य अक्षरं आली. 'ही आठवण आता फक्त तुमच्या दोघींपुरती राहिलेली नाही.'

सकाळी बँक उघडायच्या आधी शर्वरी दारात उभी होती. तोवर खातं रिकामं झालेलं होतं.

काउंटरवरचा अधिकारी तिच्याच वयाचा होता, जोग आडनावाचा. त्याने पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर शर्वरी होती, त्याच साडीत, डोळ्यांखाली तीच काळी वर्तुळं. ती म्हणत होती, 'आमच्या गाठी संपल्या आहेत, कृपया जुन्या मार्गाने पैसे द्यावेत.' मागून उज्ज्वलाबाईंच्या आवाजात होकार येत होता, दम लागत लागत.

"मॅडम, चेहरा तुमचा, आवाज आईंचा," जोग म्हणाला. "आमच्या दृष्टीनं पैसे तुम्हीच काढलेत."

"मी काढलेले नाहीत."

"मला माहीतेय हो. रोज चार-पाच जण येतात." त्याने इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "खूणगाठ कोणी फोडत नाही. ती फुटतच नाही. ते फक्त ती संपायची वाट बघतात. नाहीतर संपवतात. एकदा संपली की हा जुना दरवाजा आहेच."

"पण आमच्या जुन्या आठवणी त्यांच्याकडे गेल्या कशा?"

"वापरलेल्या होत्या ना. वापरलेली आठवण कोण जपणार? कुलूप बदललं की जुनी किल्ली कुठे टाकली ते कोणी विचारत नाही. तसाच तो ढीग पडून होता. त्यातून त्यांनी माणसं बनवली." त्याने पडदा पुन्हा स्वतःकडे वळवला. "तुम्ही बरंच सविस्तर सांगत असाल. त्यांना तशीच लागतात."

शर्वरीने तक्रार नोंदवली. बाहेर पडताना तिला दिसलं, बाकावर आणखी तीन माणसं बसली होती आणि एकमेकांशी काही बोलत नव्हती.

नवं औषध आलं नाही. सरकारी दवाखान्यात जुन्या पद्धतीचा फवारा मिळे, सकाळी रांगेत उभं राहून. त्याने उज्ज्वलाबाईंना जेमतेम पलंगापासून खिडकीपर्यंत जाता येई, पुढे तेही जमेना. डॉक्टरीणबाईंनी शर्वरीला बाजूला घेऊन सांगितलं, की फुप्फुसं आता फार काळ साथ देणार नाहीत. शर्वरीने पगारातून काही करता येईल का ते विचारलं. त्या म्हणाल्या, "ते औषध सुरुवातीलाच थांबायला नको होतं."

दुपारचे फोन थांबले. रिकाम्या खात्याच्या मालकिणीला कोण कशाला फोन करणार?

आता जपण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका रविवारी शर्वरी पलंगाशी खुर्ची ओढून बसली. पंखा ऐकत होता, शेगडी ऐकत होती, ऐकू दे म्हणून ती मोठ्यानेच बोलली.

"आई, मी या घरात पहिल्यांदा आले ना..."

"निऱ्या पायात आल्या," उज्ज्वलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. "सांगितलंय त्यानं."

"कचेरीत साहेबांच्या चपलेत..."

"तेही."

शर्वरी विचार करू लागली. मिहिरचा ताप, मिहिरचं घोरणं, त्याने अर्धवट सोडलेलं लाकडी कपाट, एकदा भर बाजारात हातातली पिशवी फाटून घरंगळलेले बटाटे. जे जे आठवे, ते ते तिने कधी ना कधी मण्याला सांगितलेलं होतं. सगळ्यात चांगल्या शब्दांत सांगितलेलं होतं. तिने आठवून आठवून तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा उज्ज्वलाबाईंनी शेवट सांगितला.

"थांबू नकोस," त्या म्हणाल्या. "माहीत असलं म्हणून काय झालं. सांग तू."

मग शर्वरीने बटाट्यांची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. मिहिर रिक्षांच्या मधून कसा पळाला, भाजीवालीने कशा शिव्या दिल्या, ती स्वतः कशी रस्त्यातच हसत बसली. उज्ज्वलाबाई ऐकत होत्या.

"जरा त्याच्यासारखं सांग ना," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

शर्वरी थांबली. मग तिने आवाज थोडा जाड केला आणि पुढचं वाक्य बोलली. त्यापुढचंही. उज्ज्वलाबाईंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, थोडं हसल्या, आणि तिचं बोलणं चालू असतानाच त्यांचा हात उशीजवळच्या फोनकडे गेला. तो चालू आहे ना, त्याचा फोन येऊन गेला नाही ना, हे त्यांनी पाहिलं, आणि पुन्हा कानाशी लागेल असा ठेवला.